स्कॅनला लागलं की रीपर गायब: अमळनेरच्या खोलीतल्या नोंदी

१४ जुलै २०२५, सोमवार

जूनच्या वादळात लाईट तीनदा आली-गेली आणि लॅपटॉपचा बोर्ड जळाला. दुरुस्तीचा आकडा ऐकला आणि त्याऐवजी सेकंडहँड डेस्कटॉप घेतला. ऑफिसातून निघालेला, आय-फाईव्ह ३४७०, १६ जीबी रॅम, एसएसडी नवी टाकून घेतली. एकूण ९,८०० रुपये. गाण्यांचे सगळे ट्रॅक बाहेरच्या डिस्कवर होते, ते वाचले. यापुढे यूपीएसशिवाय काहीही चालू करणार नाही.

हातात काम आहे ते कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, दोन गाण्यांचं. आक्का आणि तिच्या गल्लीतल्या सात बाया, ढोलकी, टाळ, एक हार्मोनियम, मिळून २२ ट्रॅक. गाणी अहिराणीत आहेत, आक्काला तिच्या सासूकडून आलेली. ३ ऑगस्टला, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. त्याच्या आत दोन्ही गाणी तयार हवीत.

दिवसभर विंडोज, ऑडिओ इंटरफेसचा (माईक मशीनला जोडणाऱ्या डब्याचा) ड्रायव्हर, रीपर हे गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर आणि मग प्लगइन, म्हणजे रीपरला जोडायचे आवाजाचे छोटे प्रोग्रॅम, टाकत बसलो. फोल्डरात मोजले तर ८४ भरले. संध्याकाळी सहाला रीपर उघडलं. उघडताना ते सगळे प्लगइन तपासतं, तो स्कॅन. सुरुवातीच्या छोट्या खिडकीत प्लगइनची नावं भराभर सरकली, मग एका नावावर क्षणभर थांबली आणि खिडकीच गेली. एरर नाही, काही नाही. टास्क मॅनेजरमध्येही रीपरचा मागमूस नाही.

तीनदा उघडलं, तीनदा तेच. मग रीपरच्या सेटिंगच्या फोल्डरात जाऊन रीपर-व्हीएसटीप्लगइन्स६४.आयएनआय ही फाईल डिलीट केली. स्कॅन झालेल्या प्लगइनची यादी तिच्यात असते. वाटलं, कोरी पाटी करून पाहू. पुन्हा तेच. रात्री साडेअकरापर्यंत दोन-तीनदा उघडायचं आणि फाईल उडवायची, असं चाललं.

२० तारखेची भर: या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ या फाईल उडवण्याने खाल्ला. कारण रविवारच्या नोंदीत आहे.

१५ जुलै, मंगळवार

सकाळी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची वही, उघडली. विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. तिथे लाल खुणेच्या, १००० क्रमांकाच्या नोंदी होत्या. प्रोग्रॅम कसा मेला त्याचा पंचनामा त्यात असतो: कोणती फाईल चालू असताना मेला आणि कोणत्या कोडने. पहिली नोंद उघडली, कोड शेवटी ५ असलेला, म्हणजे ०एक्स सी००००००५. मेमरीत नको तिथे हात घातला, असा त्याचा अर्थ. मी त्यातला 'मेमरी' शब्द पकडला आणि रॅम खराब आहे असं ठरवून मोकळा झालो. सेकंडहँड मशीन, त्यामुळे संशय घ्यायला जागाही होती.

दोन्ही पट्ट्या काढल्या, खोडरबराने पिना पुसल्या, आलटून पालटून एकेक लावून पाहिली. रात्री विंडोजची मेमरी तपासणी लावून झोपलो. सकाळी निकाल आला: एकही दोष नाही.

हा कोड प्रोग्रॅमच्या चुकीचा असतो, बहुतेक वेळा रॅमचा त्यात काही संबंध नसतो. माझा एक दिवस आणि एक रात्र यात गेली. आणि नोंदी नऊ-दहा असताना मी एकच वाचली, हे त्याहून वाईट झालं.

१६ जुलै, बुधवार

आज एक खरी चूक सापडली, आणि ती माझीच होती. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये व्हीएसटी (प्लगइनचा प्रकार) पाथ, म्हणजे प्लगइन शोधायची जागा, म्हणून मी सी ड्राइव्हवरचं अख्खं प्रोग्रॅम फाइल्स देऊन ठेवलं होतं. सोमवारी घाईत वाटलं, सगळे प्लगइन आतच कुठेतरी आहेत, सापडतील. रीपर उघडत नव्हतं म्हणून ते दुरुस्त करायला एक वेगळी पोर्टेबल रीपर डिस्कवर टाकली. तिची सेटिंग तिच्याच फोल्डरात राहतात, मूळ रीपरला धक्का लागत नाही. तपासणीला हा मार्ग फार सोयीचा पडला.

जुने व्हीएसटी-टू प्लगइन साध्या डीएलएल फाईलीच असतात, म्हणजे विंडोजमधले प्रोग्रॅम वापरतात तसले कोडचे तुकडे. प्रोग्रॅम फाइल्समध्ये प्रिंटरच्या, पीडीएफच्या, मागच्या मालकाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्याही शेकडो डीएलएल पडलेल्या. यातली प्लगइन कोणती हे स्कॅनरला बाहेरून कळत नाही, तो एकेक उघडून बघतो. मंगळवारी वाचलेली नोंद परत काढली, तर तिच्यातली फाईल प्लगइनची नव्हतीच. ती त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची होती. दोन दिवस मी ज्या कोडच्या मागे होतो तो या भलत्या फाईलचा.

पाथ आता दोनच ठेवले. प्रोग्रॅम फाइल्सच्या आत व्हीएसटीप्लगइन्स नावाचा फोल्डर, आणि कॉमन फाइल्समधला व्हीएसटी३. दुसरा सगळ्या व्हीएसटी-थ्रीचा ठरलेला पत्ता आहे, तो हलवू नये. स्कॅनला आधी चार मिनिटं लागायची, आता चाळीस सेकंद. क्रॅश मात्र तसाच. ५ चा कोड परत दिसला नाही, पण रीपर उघडलंही नाही.

दुपारी आक्काचा फोन: "तुन्हं मशीन बरं व्हयनं का?" सांगितलं, निम्मं झालंय.

१७ जुलै, गुरुवार

पाऊस होता, नेट सकाळपासून बंद. आज रीपर गायब झालं नाही, अडकलं. एका नावावर वीस मिनिटं थांबून राहिलं. जबरदस्तीने बंद करणार होतो, पण आल्ट-टॅब दाबून पाहिलं तर स्कॅनच्या खिडकीमागे दुसरी एक बारकी खिडकी लपलेली होती. सिंथच्या (सूर तयार करणाऱ्या प्लगइनच्या) लायसन्सची, नेट जोडा म्हणून सांगणारी. तिच्यावर 'नंतर' दाबलं आणि स्कॅन पुढे सरकला. मग जुन्याच जागी क्रॅश.

म्हणून हे दोन आजार वेगळे धरायचे. खिडकी नाहीशी झाली तर क्रॅश. खिडकी आहे पण हलत नाही, तर घाई करू नये, आधी मागे कोणी उत्तराची वाट बघत बसलंय का ते पाहावं. मी या अडकण्याला क्रॅश समजून मागच्या तीन दिवसांत किती वेळा एंड टास्क केलं असेल, सांगता येणार नाही.

नेट आल्यावर लायसन्सवाले सगळे प्लगइन एकदाचे चालू करून घेतले. व्हिज्युअल सी प्लस प्लसची रनटाइमही (काही प्रोग्रॅमना चालायला लागणाऱ्या फाईली) टाकली, ६४ आणि ३२ बिट दोन्ही. तिच्यामुळे यादीत न दिसणारं हार्मोनियमचं एक वाद्य दिसायला लागलं. क्रॅशवर परिणाम शून्य.

१९ जुलै, शनिवार

काल लग्नाला धरणगावला गेलो होतो, काम नाही.

आज अर्ध्या-अर्ध्याची रीत लावली. डी ड्राइव्हवर 'बाजूला' नावाचा फोल्डर केला, ८४ पैकी ४२ तिकडे हलवले, रीपर उघडलं. क्रॅश. म्हणजे चोर राहिलेल्या ४२ मध्ये. खात्रीसाठी अदलाबदल केली: आधीचे ४२ आत, हे बाहेर. पुन्हा क्रॅश!

तासभर कळेना. मग वहीत लिहून काढलं तेव्हा उजेड पडला. दोन्ही अर्धे बिघडतात, तर चोर एक नाही. ही रीत एकच दोषी असेल तर सात फेऱ्यांत त्याच्यापर्यंत नेते. अनेक असतील तर दर फेरीला नवा गोंधळ. दुपारी चार ते रात्री नऊ या गोंधळात गेले. आणि हलवाहलवीत दोन व्हीएसटी-थ्री प्लगइन अर्धवट हलले. ते दिसतात फाईलीसारखे, पण आतून फोल्डर असतात, आणि मी आतली फाईल उचलून नेली होती. ते परत इन्स्टॉल करावे लागले. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी संपूर्ण फोल्डर हलवावा, आत जाऊन काही उचलू नये.

२० जुलै, रविवार

सगळे प्लगइन जागेवर ठेवले आणि ठरवलं की आज आयएनआय फाईलला हात लावायचा नाही. फक्त उघडत राहायचं आणि दर वेळी वहीत शेवटचं नाव लिहायचं.

पहिल्यांदा उघडलं, मेलं. दुसऱ्यांदा, मेलं, पण नाव वेगळं. तिसऱ्यांदा आणखी पुढचं. नवव्या वेळेपर्यंत हेच. दहाव्यांदा नावं सरकत गेली, खिडकी मिटली, आणि रीपरची रिकामी करडी पाटी समोर आली. सहा दिवसांनी पहिल्यांदा. घरातल्यांना हाक मारून दाखवली.

मग आयएनआय फाईल नोटपॅडमध्ये उघडली आणि ओळी वाचल्या. बऱ्या प्लगइनची ओळ लांब: आधी फाईलीचं नाव, बरोबरचं चिन्ह, आकड्यांची एक लड, मग स्वल्पविराम देऊन प्लगइनचं नाव आणि बनवणाऱ्याचं नाव. नऊ ओळी मात्र आखूड होत्या. आकड्यांच्या लडीवर संपलेल्या, पुढे नाव नाही.

म्हणजे रीपर प्लगइन उघडण्याआधीच त्याची नोंद करून ठेवतं. उघडताना मेलं तर नाव भरायचं राहून जातं, आणि पुढच्या वेळी रीपर त्या आखूड ओळीला बगल देऊन पुढे जातं. सोमवारी मी दोन-तीन क्रॅशनंतर फाईल उडवत होतो, म्हणजे रीपरने शिकलेलं पुसत होतो. नऊ वेळा मरू दिलं असतं तर पहिल्याच संध्याकाळी उघडलं असतं.

आणि त्या नऊही ओळी एकाच कंपनीच्या. आवाजावर काम करणारा त्यांचा संच: इक्वलायझर, आवाजाचा चढउतार आवळणारा कॉम्प्रेसर, 'स' चा चटका कमी करणारा, असे. पैसे देऊन घेतलेला, लॅपटॉपवर दोन वर्षं बिनघोर चाललेला.

२१ जुलै, सोमवार

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या कालच्या नऊ नोंदी एकेक करून उघडल्या. फाईलींची नावं वेगवेगळी, कोड सगळ्यांचा एकच, आणि मंगळवारच्या कोडपेक्षा वेगळा: ०एक्स सी०००००१डी.

धुळ्याला भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "मामा, हा इल्लीगल इन्स्ट्रक्शनचा कोड आहे. प्रोसेसरला जे काम सांगितलं ते त्याला येतच नाही. तुमचा प्रोसेसर कोणता?" सांगितला. म्हणाला, सीपीयू-झेड हा प्रोसेसरची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम टाका आणि इन्स्ट्रक्शन्सची ओळ वाचून दाखवा. वाचली. एव्हीएक्स होतं, एव्हीएक्स२ नव्हतं. हे प्रोसेसरला येणाऱ्या आज्ञांचे संच.

गोष्ट तिथेच उलगडली. ३४७० हा इंटेलच्या तिसऱ्या पिढीतला, २०१२ चा. एव्हीएक्स२ चौथ्या पिढीपासून, २०१३ मध्ये आलं. लॅपटॉप आठव्या पिढीचा होता, त्याला ते येत होतं. मी नव्या मशीनवर संचाची नवीन आवृत्ती टाकली. कंपनीच्या पानावर खाली, लहान अक्षरांत, एव्हीएक्स२ लागेल असं लिहिलेलंही आहे. विकत घेताना मी रॅम पाहिली, डिस्क पाहिली, गीगाहर्ट्झ पाहिले. ही ओळ बघायची असते हे माहीतच नव्हतं.

मला राग याचा आहे की इन्स्टॉलरने हे तपासलं नाही. प्रोसेसर विचारायला दोन ओळींचा कोड पुरतो. "हे मशीन चालणार नाही" एवढं वाक्य दाखवलं असतं तर माझा आठवडा वाचला असता. गावोगावी असे जुने सीपीयू घेऊन पोरं गाणी करतात, त्या सगळ्यांना हे भोवणार.

२२ जुलै, मंगळवार

सकाळच्या गाडीने जळगाव, गोलाणी मार्केट. विचार असा की चौथ्या पिढीचा आय-फाईव्ह ४५७० नुसता घ्यावा आणि जुन्याच्या जागी बसवावा. दुकानदाराने माझ्या बोर्डाचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "दादा, हा अकराशे पंचावन्नचा सॉकेट आहे, त्याला अकराशे पन्नास लागतो. बसणारच नाही." प्रोसेसर हातात देऊन खाचही दाखवली. घाईने कुरिअरने मागवला असता तर पैसे अडकले होते.

चौथ्या पिढीचं पूर्ण मशीन साडेबारा हजारांना होतं. त्यापेक्षा स्वस्त, चौथ्याच पिढीचं एक पेंटियमही होतं. तिथूनच भाच्याला फोन लावला, तो म्हणाला घेऊ नका, त्या पिढीच्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये एव्हीएक्सच नाही. पिढीचा आकडा पाहून भागत नाही, प्रत्येक मॉडेलची इन्स्ट्रक्शन्सची ओळ पाहावी लागते.

काही न घेता परत आलो. जाणं-येणं, चहा आणि दुपारची शेवभाजी धरून २१० रुपये आणि एक दिवस. पाळधीच्या पुढे खिडकीतून कापसाची शेतं दिसत होती, पाऊस बरा झालाय.

२३ जुलै, बुधवार

कंपनीच्या खात्यात जुन्या आवृत्त्यांची यादी असते, ती आज नीट पाहिली. दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती मिळाली, तिच्या गरजांमध्ये एव्हीएक्स२ नाही. उतरवून वरून टाकली. इन्स्टॉलर म्हणाला झालं. रीपर उघडलं, क्रॅश.

वरून टाकून चालत नाही. नव्या फाईली असतील तर जुना इन्स्टॉलर त्यांना सोडून देतो आणि तरी यशस्वी म्हणतो. फाईलींच्या तारखा पाहिल्या तेव्हा कळलं. मग कंट्रोल पॅनेलमधून नवी आवृत्ती पूर्ण काढली, मशीन रीस्टार्ट केलं, जुनी टाकली. रीपर बंद ठेवून आयएनआयची एक प्रत काढली आणि मूळ फाईलीतल्या फक्त त्या नऊ आखूड ओळी खोडल्या.

उघडलं, पुन्हा एक क्रॅश. छाती धडधडली. आयएनआय पाहिली तर आखूड ओळ एकच, आणि ती व्हीएसटी३ फोल्डरातली नव्हती. व्हीएसटीप्लगइन्समध्ये त्याच संचाची नव्या आवृत्तीची एक डीएलएल उरली होती, काढताना मागे राहिलेली. ती हाताने काढली, ओळ खोडली, उघडलं.

३१ सेकंदांत पाटी समोर. बंद करून परत उघडलं तर ६ सेकंद, कारण आता यादी तयार आहे. असं पाचदा केलं. पाचही वेळा उघडलं.

२६ जुलै, शनिवार

गाण्याचा प्रोजेक्ट उघडायची भीती होती, कारण तो नव्या आवृत्तीत सेव्ह झालेला. ओपनच्या खिडकीत खाली एफएक्स, म्हणजे प्लगइन, ऑफलाइन ठेवून उघडायचा पर्याय असतो, रिकव्हरी मोड. त्याने उघडला, मग एकेका ट्रॅकवर जाऊन प्लगइन ऑनलाइन केले. एखादा मेलाच असता तर कोणता ते लगेच कळलं असतं. एकही मेला नाही.

पण नुकसान झालंय. इक्वलायझरची सेटिंग जशीच्या तशी आली. कॉम्प्रेसरला नव्या आवृत्तीतलं काही वाचता आलं नाही, तो सगळीकडे कोरा उघडला. आठ आवाज, आठ कॉम्प्रेसर. मे महिन्यात आक्काला व्हॉट्सॲपवर कच्चं मिक्स पाठवलं होतं, ते तिच्याकडून परत मागवलं आणि एका ट्रॅकवर ठेवलं. ते ऐकायचं, थांबवायचं, कॉम्प्रेसरचं बटण जरा फिरवायचं, परत ऐकायचं. सहा तास गेले. चार आवाजांना रीपरचा स्वतःचा रीआकॉम्पच लावला. सांगायला हरकत नाही, गल्लीतल्या मावशींच्या जाड आवाजाला तो जास्त शोभतो.

नव्या मशीनवर जाणाऱ्यांनी जाण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या प्लगइनच्या खिडकीचा फोटो काढून ठेवावा. मला आठ फोटो हवे होते.

२ ऑगस्ट, शनिवार

दोन्ही गाणी काल रात्री काढून दिली. मध्ये सुरत-भुसावळ मार्गावरच्या मालगाडीचा आवाज एका कडव्याखाली राहिला होता, तो कापायला तास गेला. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, पण खोली रुळांजवळ असेल तर रात्री दोननंतर रेकॉर्ड करावं.

मशीनवर आता असं आहे: कंपनीच्या अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमला विंडोजच्या स्टार्टअपमधून काढलं, नाहीतर तो गुपचूप नवी आवृत्ती आणेल. जुना इन्स्टॉलर तीन ठिकाणी ठेवला, कारण तो खात्यावरून कधी हटेल भरवसा नाही. चालत असलेल्या आयएनआयची प्रत डिस्कवर आहे. सीपीयूच्या डब्यावर पट्टी चिकटवली: 'एव्हीएक्स२ नाही'. दिवाळीनंतर चौथ्या पिढीचं मशीन बघेन, तोवर हेच.

खर्च: प्रवासाचे २१० आणि पेन ड्राइव्हचे ३५०, एवढाच. वेळ मात्र १४ ते २६ जुलै, त्यातले कामाचे दिवस दहा.

संध्याकाळी पेन ड्राइव्ह घेऊन आक्काकडे गेलो. रोटाचे (कानबाईच्या प्रसादाचे) गहू निवडून ठेवलेले, ओट्यावर नारळ मांडलेला, बाया अंगणात जमलेल्या. स्पीकर लावला. दुसऱ्या कडव्यात आक्काने हात वर करून थांबवलं आणि म्हणाली, तिच्या जावेचा आवाज दबलाय. परत ऐकलं, खरंच दबला होता. १४ नंबरचा ट्रॅक. घरी येऊन दीड डेसिबल वर केला आणि रात्री दहाला नवी फाईल पाठवली.